जुन्या जेटची किंमत कोण मोजतो?

(खालापूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



मुंबईच्या विमानतळावर २०१५ साली एक लिलाव झाला. विजय मल्ल्या यांच्या उद्योगसमूहाचे हॉकर जातीचे एक खाजगी जेट विमान तेथे दीर्घकाळ उभे होते. उभे राहण्याचे भाडे थकले होते, आणि ते देणारा कोणी उरला नव्हता. अखेर विमानतळ चालविणाऱ्या कंपनीने ते लिलावात काढले आणि एका भंगार व्यापाऱ्याने ते २२ लाख रुपयांना घेतले. खोपोलीच्या नाक्यावर ज्यांचा मालमोटारींचा धंदा आहे त्यांना ही रक्कम ऐकून मौज वाटेल, कारण बऱ्यापैकी चालता जुना ट्रक घ्यावयाचा म्हटले तरी असेच काही लाख मोजावे लागतात. एकेकाळी उद्योगपतींना घेऊन आकाशात झेपावणारे यंत्र ट्रकच्या भावाने जाते, हा योगायोग नव्हे. मध्यम आकाराच्या खाजगी जेटच्या जुन्या बाजाराचे सारे गणित या एका व्यवहारात साठलेले आहे. ते उलगडून पाहणे हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

खालापुरात हा विषय कशाला, अशी शंका साहजिक आहे. या तालुक्यात जेट विकत घेणारा गिऱ्हाईक शोधून सापडणे कठीण. परंतु वस्तू कोण विकत घेतो आणि तिची किंमत कोण मोजतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विक्रीखतावर असते; दुसऱ्याचे उत्तर शोधताना मात्र सरकारी तिजोरी, बँकेतल्या ठेवी, कामगारांचे थकलेले पगार असा प्रवास करावा लागतो, आणि त्या वाटेवर खालापूर निश्चित लागते.

प्रथम वस्तूची ओळख करून घेतली पाहिजे. मध्यम आकाराचे व्यावसायिक जेट म्हणजे सात ते नऊ माणसांना घेऊन, न थांबता चारेक हजार किलोमीटर जाणारे, दोन इंजिनांचे विमान. हॉकर ८००, सेसना सायटेशन एक्सएलएस, लिअरजेट ६० ही त्यातली प्रसिद्ध नावे. यांतल्या हॉकरचा वंश फार जुना आहे. त्याच्या मूळ पुरुषाने, म्हणजे ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीच्या १२५ या विमानाने, १३ ऑगस्ट १९६२ रोजी पहिले उड्डाण केले. पुढे कंपन्या बदलल्या, मालक अटलांटिकपार गेले, आणि २०१२ साली हॉकर बीचक्राफ्ट ही कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर पुनर्रचनेत या जेटचे उत्पादनच संपले. लिअरजेटचे शेवटचे विमान २०२२ च्या मार्चमध्ये कारखान्याबाहेर पडले. अशा रीतीने जुन्या बाजारातली कितीतरी विमाने आज अशी आहेत की त्यांचा मूळ कारखाना ती बांधीत नाही. सुटे भाग मिळतात. परंतु दरवर्षी ते देणारे हात कमी होत जातात आणि त्यांचे दर वाढत जातात.

या वर्गातले नवे विमान घ्यावयाचे तर दीड-दोन कोटी डॉलर लागतात. रुपयांत बोलावयाचे तर दीडशे कोटींच्या घरात जावे लागते. तेच वीस वर्षांचे विमान त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात मिळते. येथेच मोह उत्पन्न होतो. नव्या विमानाची झेप आणि जुन्या विमानाची किंमत, असे दुहेरी सुख दलाल गिऱ्हाइकापुढे मांडतो. कोविडच्या साथीनंतर, २०२१-२२ मध्ये, गर्दीपासून दूर राहू इच्छिणाऱ्या श्रीमंतांनी जगभर इतकी जुनी जेट उचलली की विक्रीस असलेल्या विमानांची संख्या फारच घटली आणि भाव वर गेले.

पण हा स्वस्तपणा कोठून आला? ट्रक विकत घेणारा माणूस काय पाहतो ते आठवावे. टायर, इंजिनाचा आवाज, चासीला वेल्डिंग केले आहे काय, पासिंग कधी संपते, आर.सी. बुकावर बँकेचा बोजा आहे काय. जेटच्या बाबतीतही प्रश्न तेच आहेत; फक्त त्यांची उत्तरे शंभरपट महाग आहेत. विमानाचे आयुष्य तीन मापांनी मोजले जाते: उड्डाणाचे तास, उड्डाण-उतरणीची आवर्तने आणि निव्वळ दिनदर्शिका. पहिली दोन मापे विमान उडाले तरच पुढे सरकतात. तिसरे मात्र विमान छपराखाली झाकून ठेवले तरी सरकतच असते. इतक्या महिन्यांनी ही तपासणी, इतक्या वर्षांनी चाकांच्या सांगाड्याची उकल, असे वेळापत्रक उत्पादकाने बांधून दिलेले असते. ते चुकले की विमानाची उड्डाणयोग्यता संपली. हॉकर ८०० मध्ये जी इंजिने असतात त्यांची एक मोठी तपासणी साधारण २१०० तासांनी, आणि गाभा उघडून करावयाची त्याहून मोठी तपासणी ४२०० तासांनी येते. दोन इंजिनांची ही मोठी तपासणी तोंडावर आली असेल, तर तिचा खर्च विमानाच्या बाजारभावाच्या डोळ्यांत डोळे घालू लागतो. विमान स्वस्त असते ते याच कारणाने. विकणारा विमान विकत नसतो, पुढची तपासणी विकत असतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण जणू याच बाजारासाठी जन्मली.

म्हणून जाणता गिऱ्हाईक विमानाआधी त्याची दप्तरे पाहतो. विमान जन्मल्यापासूनची प्रत्येक दुरुस्ती, प्रत्येक बदललेला भाग नोंदवहीत असावा लागतो. एखाद्या काळाच्या वह्या गहाळ असतील तर धडधाकट विमानाचाही भाव घसरतो, कारण ज्या भागाचा इतिहास ठाऊक नाही तो भाग नियमांच्या दृष्टीने निरुपयोगी ठरू शकतो. त्यानंतर खरेदीपूर्व तपासणी येते. ती विकणाऱ्याच्या नेहमीच्या कारखान्यात न करता तिसऱ्याच ठिकाणी करावी, हा पहिला धडा. इंजिनाच्या पोटात बोअरस्कोप घालून पाती पाहिली जातात. फरशीखालचे पत्रे उचलून गंज पाहिला जातो. मुंबईसारख्या खाऱ्या हवेत उघड्यावर उभ्या राहिलेल्या विमानाबाबत हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. एवढे झाले तरी मालकीचा प्रश्न उरतोच. खाजगी जेटची कागदोपत्री मालकी पुष्कळदा अमेरिकेतल्या एखाद्या न्यासाकडे नाहीतर केमन किंवा आईल ऑफ मॅन अशा बेटांवरच्या कंपनीकडे असते. खरा धनी कोण आणि त्याने हे विमान कोणाकडे गहाण टाकले आहे, हे शोधण्यासाठी स्वतंत्र वकील लागतात. भारतात आणावयाचे तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची वयोमर्यादा आड येते. सर्वात स्वस्त म्हणून जे परदेशात दिसते ते बहुधा आपल्याकडे येऊच शकत नाही.

विमान घरी आले की खरा संसार सुरू होतो. दोन वैमानिक हवेत, आणि त्या विशिष्ट जातीच्या विमानाचे त्यांचे प्रशिक्षण ठराविक काळाने नवे करावे लागते. विमा आहे, हँगर आहे, उभे राहण्याचे भाडे आहे, तंत्रज्ञ आहेत. हा खर्च उडण्याशी बांधलेला नाही. हिशेब समजावा म्हणून गृहीत धरू की असा बांधील खर्च वर्षाला ६ कोटी आहे. विमान वर्षाकाठी ३०० तास उडाले तर ताशी २ लाख पडतात. १०० तासच उडाले तर ताशी ६ लाख, आणि यात इंधन धरलेलेच नाही. इंधन ताशी सुमारे हजार लिटर. आपली एस.टी. लिटरला चार-साडेचार किलोमीटर जाते असे धरले, तर जेटच्या एका तासाच्या इंधनाइतक्या डिझेलमध्ये एस.टी.ची गाडी खोपोलीहून नागपूरला दोनदा जाऊन येईल आणि तरीही टाकीत काही उरेल.

एकट्या उद्योजकाची वर्षाची गरज क्वचितच शंभर-दीडशे तासांपलीकडे जाते. अर्थात दुसऱ्याने चालविलेले विमान गरजेपुरते भाड्याने घेणे त्याला स्वस्त पडते. विमान विक्रीच्या धंद्यातले प्रामाणिक सल्लागारही हेच सांगतात. तरीसुद्धा विमाने विकली जातात. विकत श्राद्ध घेऊन सव्यापसव्य करण्याची ही हौस केवळ प्रतिष्ठेपोटी आहे असे म्हणून टीकाकार मोकळे होतात. प्रतिष्ठा आहेच, पण ती स्वतःच्या खिशातून किती आणि दुसऱ्याच्या खिशातून किती, हे पाहिल्याखेरीज स्पष्टीकरण पुरे होत नाही.

करांपासून सुरुवात करू. २००७ साली केंद्र सरकारने खाजगी विमानांच्या आयातीवर शुल्क बसविले. परंतु भाड्याने उडविण्यासाठी, म्हणजे प्रवासी वाहतुकीच्या परवान्यावर, आणलेल्या विमानांना सवलत दिली. परिणाम व्हायचा तोच झाला. विमाने भाड्याची म्हणून आली, आणि त्यांतून मालकच फिरतो असा आक्षेप घेऊन सीमाशुल्क खात्याने अनेकांना नोटिसा काढल्या. ही प्रकरणे न्यायाधिकरणांत वर्षानुवर्षे चालली. निकाल कोणाच्या बाजूने लागले हा येथे गौण मुद्दा आहे. कायद्याने दिलेली सवलत घेणे हा गुन्हा नव्हे. मुद्दा असा की एका शब्दावर कोट्यवधींचा कर टांगलेला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांत वैयक्तिक वापराच्या विमानावर ४० टक्के कर आला, तर वैयक्तिक नसलेल्या वापराच्या विमानासाठी ५ टक्क्यांचा दर होता. ४० कोटींच्या जुन्या जेटवर पहिल्या दराने १६ कोटी आणि दुसऱ्या दराने २ कोटी होतात. विमान तेच, प्रवासी तेच, आसनेही तीच. ‘वैयक्तिक’ हा शब्द अर्जावर असणे वा नसणे यात १४ कोटींचे अंतर पडते.

दुसरी वाट घसाऱ्याची. १९६१ च्या आयकर कायद्याखालील नियमांत विमानावरचा घसारा घटत्या किमतीवर ४० टक्के ठेवलेला होता. साध्या यंत्रसामग्रीवर तो सर्वसाधारणपणे १५ टक्के असे. आता ४० कोटींचे तेच विमान घेऊ. पहिल्या वर्षी १६ कोटी, दुसऱ्या वर्षी ९ कोटी ६० लाख, तिसऱ्या वर्षी ५ कोटी ७६ लाख: तीन वर्षांत ३१ कोटी ३६ लाख रुपये खर्च म्हणून नफ्यातून वजा होतात. कंपनी २५ टक्के दराने कर भरीत असेल तर ७ कोटी ८४ लाखांचा कर त्या काळात वाचतो. दप्तरी विमानाची किंमत ८ कोटी ६४ लाख उरते, बाजारात मात्र ते त्याच्या कितीतरी पट भावाने विकले जाऊ शकते. येथे न्याय्य राहून हेही सांगितले पाहिजे की विमान विकल्यावर आलेली रक्कम त्या मालमत्ता-गटातून वजा होते, म्हणजे सवलतीचा काही भाग सरकारकडे परत येतो. पण तो येतो तेव्हा येतो. तोवर ती रक्कम म्हणजे तिजोरीने दिलेले बिनव्याजी कर्जच होय. कर्जतचा भातशेतकरी पीक कर्जाचा हप्ता चुकला तर थकबाकीदार होतो. विमानाच्या मालकाला मात्र कर पुढे ढकलण्याची मुभा कायदाच देतो, आणि तिला कोणी कर्ज म्हणत नाही.

अमेरिकेत हीच गोष्ट आणखी उघडपणे झाली. तेथील २०१७ च्या करकायद्याने विमानाची संपूर्ण किंमत पहिल्याच वर्षी वजा करण्याची मुभा दिली, आणि पूर्वी केवळ नव्या मालमत्तेला असलेली ही सवलत जुन्या मालमत्तेलाही लागू केली. २०२३ पासून ती टप्प्याटप्प्याने कमी होऊ लागली, तोच २०२५ च्या जुलैमध्ये ती पूर्ववत शंभर टक्के करण्यात आली. जुन्या जेटची मागणी वर्षअखेरीस उसळते यामागे विमानविद्या कमी आणि करसल्लागार अधिक असतात. आपल्याकडे केंद्रीय अर्थसंकल्पाबरोबर करसवलतींमुळे बुडणाऱ्या महसुलाचे विवरणपत्र २००६-०७ पासून सादर होऊ लागले, ही चांगली प्रथा. त्यात वाढीव घसाऱ्याचा आकडा एकगठ्ठा असतो. लोखंडाच्या भट्टीसाठी किती आणि जेटसाठी किती, ही फोड त्यात मिळत नाही. अनुदान म्हटले की संसदेत तासन् तास चर्चा होते. सवलत म्हटली की पान उलटले जाते.

तिसरी वाट बँकेतून जाते, आणि ती सर्वात दुःखाची आहे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध घातले. ठेवीदाराला खात्यातून आरंभी अवघे १००० रुपये काढण्याची परवानगी होती. पुढे ती मर्यादा १० हजार, २५ हजार, ४० हजार, अशी हप्त्याहप्त्याने वाढली. बँकेच्या एकूण कर्जाचा सुमारे ७३ टक्के भाग, साडेसहा हजार कोटींहून अधिक, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता, आणि तो झाकण्यासाठी एकवीस हजारांवर खोटी खाती रचण्यात आल्याचा आरोप होता. तपास यंत्रणांनी या समूहाच्या प्रवर्तकांची मालमत्ता जप्त करण्यास प्रारंभ केला तेव्हा जी यादी बाहेर आली तीत खाजगी जेट विमाने होती, आणि आपल्याच रायगड जिल्ह्यात अलिबागला २२ खोल्यांचे घर होते. विमान नेमके कोणाच्या पैशाने घेतले हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. तथापि एका बाजूस हँगरमधले जेट आणि दुसऱ्या बाजूस रुग्णालयाच्या बिलासाठी स्वतःचेच पैसे काढू न शकणारे ठेवीदार, हे चित्र त्या महिन्यांत महाराष्ट्राने पाहिले. ती बँक २५ जानेवारी २०२२ रोजी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि विम्याच्या पाच लाखांपलीकडच्या ठेवी परत करण्यासाठी दहा वर्षांपर्यंतचे वेळापत्रक ठरले. जप्त केलेले विमान त्या काळात काय करते? दिनदर्शिका थांबत नाही, हे वर सांगितलेच आहे. तपासण्या उलटतात, रबर सुकते, भाव उतरतो. सोने जप्त केले तर ते सोनेच राहते. जेट जप्त केले तर ते महिन्यागणिक भंगाराच्या दिशेने सरकते. ठेवीदारांसाठी ते विकावयाचे असेल तर लगेच विकले पाहिजे, आणि आपली न्यायप्रक्रिया ‘लगेच’ हा शब्द ओळखत नाही.

याचा सर्वात ठळक दाखला किंगफिशरच्याच दुसऱ्या, आकाराने फार मोठ्या विमानाचा आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर एअरलाइन्सची उड्डाणे थांबली. प्रवाशांकडून तिकिटावर घेतलेला सेवाकर सरकारकडे भरला नाही म्हणून सेवाकर खात्याने मल्ल्या यांच्या वापरातले एअरबस ए-३१९ जातीचे, आतून महालासारखे सजविलेले विमान जप्त केले. २०१६ च्या लिलावात त्याची राखीव किंमत १५२ कोटी ठेवण्यात आली होती. बोली आली १ कोटी ९ लाखांची. लिलाव पुन्हा पुन्हा फसले. विमान मुंबई विमानतळावरची मोक्याची जागा अडवून बसले, आणि हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर २०१८ मध्ये ते सुमारे ३४ कोटी ८० लाखांना एका अमेरिकन कंपनीने घेतले. राखीव किंमत आणि हाती पडलेली रक्कम यांतला फरक कोणी सोसला? तिजोरीने. आणि ज्या कर्मचाऱ्यांचे महिनोन् महिने पगार थकले होते, ते या लिलावाच्या मांडवात कोठेच नव्हते.

या क्षेत्रातला कायदा अलीकडे पुष्कळ सुधारला आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तो कोणासाठी सुधारला तेही पाहावे. विमानांवरील हक्कांविषयीच्या २००१ च्या केपटाऊन कराराला भारत २००८ साली जोडला गेला, आणि २०२५ साली संसदेने त्याला पूर्ण बळ देणारा कायदा केला. हप्ते थकले तर कर्जदात्याला वा भाडेपट्टा देणाऱ्याला विमान त्वरेने परत नेता यावे हा त्याचा हेतू. त्यामुळे विमानांसाठीचा पैसा स्वस्त होईल हा युक्तिवाद चुकीचा नाही. कर्मचाऱ्यांच्या थकित वेतनाला त्यात काही अग्रक्रम आहे, परंतु कंपनीने हप्ते चुकविल्याचे जाहीर झाल्यानंतरच्या वेतनापुरताच. त्यापूर्वीच्या सहा महिन्यांचे काय, याचे उत्तर तेथे नाही. डब्लिनच्या भाडेपट्टा कंपनीचा हक्क आंतरराष्ट्रीय नोंदवहीत क्षणात नोंदला जातो; सामान चढविणाऱ्या हमालाचा हक्क त्याच्या पगारपत्रकातच राहतो.

आता दुसरी बाजू. खाजगी जेट हे निव्वळ चैनीचे साधन आहे असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. हृदय किंवा यकृत एका शहरातून दुसऱ्या शहरी वेळेत नेण्यासाठी, अत्यवस्थ रुग्णाला हलविण्यासाठी अशीच विमाने उपयोगी पडतात, आणि ती बहुधा जुनीच असतात. दिवसाला एकही प्रवासी विमान न येणाऱ्या गावाच्या धावपट्टीवर उद्योजक उतरू शकला तर त्या गावाला काही रोजगार मिळू शकतो. अपघातांचा विचार येथे हेतुतः केलेला नाही. कोणत्याही एका अपघातावरून जुन्या विमानाला दोष देणे घाईचे ठरेल, कारण नीट सांभाळलेले जुने विमान उडण्यास योग्य असते आणि नीट न सांभाळलेले नवे नसते. प्रश्न सांभाळण्याच्या खर्चाचा आहे. ज्याने विमान स्वस्त म्हणून घेतले, तो तपासणी महाग म्हणून लांबवील काय, ही शंका मात्र नियंत्रकाने सतत मनात बाळगली पाहिजे. उपयोगाबाबतही भ्रम नसावा. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, २०१९ ते २०२३ या काळात जगातील खाजगी विमानांचे कार्बन उत्सर्जन ४६ टक्क्यांनी वाढल्याचे आणि जवळजवळ निम्मी उड्डाणे ५०० किलोमीटरांहून कमी अंतराची असल्याचे आढळले. एवढ्या अंतरासाठी रेल्वे नावाची एक सोय उपलब्ध असते.

जागेचाही हिशेब आहे. मुंबईच्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. एका लहान जेटला उतरण्यासाठी जवळपास तेवढाच अवकाश द्यावा लागतो जेवढा १८० प्रवाशांच्या विमानाला. २०२४ च्या फेब्रुवारीत गर्दीच्या तासांत खाजगी जेटच्या उड्डाणांवरचे निर्बंध वाढविण्यात आले ते यामुळेच. पनवेलजवळच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. खाजगी जेटना तेथे ऐसपैस जागा द्यावी अशी मागणी होणारच. त्या जमिनीसाठी दहा गावे उठली. तेथल्या उभ्या राहण्याच्या जागेचे भाडे ठरविताना ही किंमत कोणत्या रकान्यात धरणार, हे विचारण्याचा अधिकार रायगडच्या माणसाला आहे.

आणि खालापूरला त्याहून मोठा अधिकार आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर आदिवासींची ती वस्ती, लोकसंख्या २२८. तेथवर रस्ता नव्हता. यंत्रे वर नेता आली नाहीत. माती हातांनी, फावड्यांनी उपसावी लागली. हेलिकॉप्टर सज्ज होती, पण पावसाने आणि ढगांनी त्यांना उडू दिले नाही. मदतीसाठी चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातला एक अधिकारी हृदयविकाराने वाटेतच मरण पावला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली, आणि २३ जुलैला शोध थांबविण्यात आला.

हवामान कोणाचे ऐकत नाही. कोणाचेही जेट त्या रात्री कामास आले नसते, आणि त्याचा दोष जेटच्या मालकांवर टाकणे हा शुद्ध कांगावा ठरेल. इर्शाळवाडीचा संबंध वेगळा आहे. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनानेच विधिमंडळात सांगितले. यादी करण्यासाठी भूगर्भतज्ज्ञ, पायी सर्वेक्षण करणारी माणसे आणि काही पावसाळे लागतात. चढणीवर पक्की पायवाट काढण्यासाठी दगड, सिमेंट आणि गावातलेच हात लागतात. या खर्चांना अर्थसंकल्पात शीर्ष आहे, मंजुरी आहे, कपात आहे, आणि निधी नाही असे सांगण्याची सोय आहे. एका जुन्या जेटवर तीन वर्षांत मागे राहिलेल्या ७ कोटी ८४ लाखांना मात्र शीर्ष नाही, मंजुरी नाही, म्हणून कपातही नाही. ज्या पैशाला नाव नाही त्याच्यावर कोणत्याही ग्रामसभेला ठराव करता येत नाही.

करसवलतींच्या विवरणपत्रात विमानांसाठी वेगळी ओळ असावी, ही मागणी त्यामुळे वाटते तितकी रुक्ष नाही. तिच्या जोडीला आणखी दोन गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. भाड्याच्या परवान्यावर आलेले विमान वर्षात किती तास मालकासाठी आणि किती तास परक्या गिऱ्हाइकासाठी उडाले, हे परवाना नूतनीकरणाच्या वेळी प्रसिद्ध व्हावे. तासांची नोंद विमानाच्या वहीत असतेच, ती नव्याने करावी लागत नाही. आणि जेट विमानतळावर उभे करताना काही महिन्यांचे भाडे आधीच अनामत घ्यावे, म्हणजे मालक परागंदा झाल्यावर धावपट्टीच्या कडेला लिलाव मांडण्याची पाळी येणार नाही. मुंबईच्या चाळीत भाड्याने खोली घेणाराही पागडी देऊन मगच आत जात असे.

इर्शाळवाडीच्या वाचलेल्या कुटुंबांसाठी चौकजवळ सिडकोने ४४ घरे बांधली. त्या घरांपर्यंत डांबरी रस्ता जातो.